येत्या वर्षाचं संकल्पचित्र: आकडा नको, एक जागा हवी

कृष्णाकाठ
२९ डिसेंबर, रात्री १०:४०

काल रविवारी वर्षभरातली सगळी चित्रं हॉलमधल्या फरशीवर मांडली. एकसष्ट भरली. गेल्या जानेवारीत वहीच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत '१०० जलरंग चित्रं' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एकोणचाळीस कमी पडली याचं दुःख असतं तर हा धागा काढला नसता. मन खट्टू झालं ते वेगळ्या कारणाने. एकसष्टपैकी चाळीस चित्रांत आकाश एकच आहे. वर कोबाल्ट ब्लू, खाली पाण्याने विरळ करत आणलेला, मध्ये कोरा सोडलेला एक ढग. नदी असेल तिथे प्रतिबिंबही ठरलेलं, वरचंच चित्र उलटं करून जरा पुसट. सगळी एका रांगेत पाहिल्यावर कळलं की वर्षभर मी जे येतं तेच करत होते.

याला तो आकडाच कारणीभूत आहे असं माझं मत झालंय. महिनाअखेर आली, आठपैकी पाचच झाली आहेत, मग जेवणं आटोपल्यावर फोनमधला फोटो समोर ठेवून दोन पोस्टकार्डं उरकायची. 'उरकणं' हा शब्द मी धुणीभांड्यांसाठी वापरते, चित्रासाठी वापरायची वेळ यावी हे मला लागलं. संख्या गाठायची म्हटली की हात जमणाऱ्या गोष्टीकडेच वळतो. जमत नाही त्यात दिवस मोडतो, आणि मोडलेल्या दिवसाची नोंद आकड्यात होत नाही.

मी साताऱ्यात असते, बँकेत नोकरी. चित्रासाठी रविवार आणि महिन्यातला दुसरा-चौथा शनिवार. एवढ्या वेळात काय पेलेल याचा विचार करून पुढच्या वर्षासाठी मी एक जागा निवडली आहे, वाईचा गणपती घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ तुम्ही पाहिलं असेल. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. ती भिंत आणि खालचं पाणी एकत्र दिसेल अशी एक पायरी मी हेरून ठेवली आहे. वर्षभर तिथूनच काम करायचं, महिन्यातून दोन बैठका, जागेवर बसून, फोटोवरून नाही.

कागदाचंही ठरवलंय. महिन्याला ३०० जीएसएम कॉटन कागदाची एकच फुल शीट, म्हणजे २२ बाय ३० इंच. तिचे चार तुकडे केले की ११ बाय १५ चे क्वार्टर निघतात. हेच महिन्याचं रेशन. कागद महाग आहे म्हणून नाही (महाग आहेच), पण चारच आहेत हे माहीत असलं की ब्रश टेकवण्याआधी मी जास्त वेळ बघत बसेन अशी आशा आहे.

आणि या सगळ्यात शिकायचं काय, तर पाणी. नुसतं पाणी. उन्हाळ्यात आटलेलं, पहिल्या पावसानंतर गढूळ, थंडीत आरशासारखं. रंग कितीही चांगले आणले तरी मला आजवर पाणी जमलेलं नाही हे मी मान्य करून टाकलंय. एकदा मान्य केल्यावर बरंच हलकं वाटलं.

वहीतून काय काढून टाकलं तेही सांगते. सलग तीन वर्षं मी 'जहांगीरला प्रदर्शन' असं लिहीत होते. १९५२ पासून मुंबईत उभ्या असलेल्या त्या आर्ट गॅलरीत आपलं चित्र लागावं असं कुणाला वाटणार नाही? पण तिथल्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि निवड माझ्या हातात नाही. जे माझ्या हातात नाही ते मी ध्येय म्हणून लिहीत होते, आणि डिसेंबरात स्वतःला नापास करत होते. आता त्याऐवजी एवढंच लिहिलंय: बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाची घोषणा झाली की एक चित्र पाठवायचं. १८८८ पासूनची संस्था आहे, तिथे किती जण पाठवत असतील! लागलं तर आनंदच, पण माझं काम चित्र वेळेत पाठवलं की संपलं.

तुम्ही मंडळी वर्षाचं कसं ठरवता? चित्र, शिल्प, अक्षर, रांगोळी, काहीही असो. आणि ठरवलेलं मोडतं तेव्हा काय करता, हे तर नक्की लिहा.

---

टॅबवाला
२९ डिसेंबर, रात्री ११:५५

कृष्णाकाठ, लेखन फार आवडलं, पण आकड्याच्या बाबतीत मी दुसऱ्या बाजूला आहे.

कॉलेज संपून आयटीत लागलो आणि सहा वर्षं मी एकही रेघ ओढली नाही. 'वेळ मिळाला की चांगलं काहीतरी करू' यात सहा वर्षं गेली. मग एका ऑक्टोबरात इंकटोबर केलं. जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये स्वतःची शाईची सवय सुधारावी म्हणून सुरू केलेला उपक्रम, ३१ दिवस ३१ शाईची चित्रं. पहिल्या दहा दिवसांतलं काम मी आजही कुणाला दाखवत नाही. अकराव्या-बाराव्या दिवशी हात मोकळा झाला. तो आकडा नसता तर मी तिसऱ्याच दिवशी थांबलो असतो, कारण तिसरं चित्र खरंच वाईट होतं.

त्या आकड्याने मला घरात बोलायला एक वाक्यही दिलं. 'आज सतरावं बाकी आहे' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. 'मला चित्र काढावंसं वाटतंय' याला घरात तेवढं वजन नसतं.

आणि ताई, महिन्याला चार क्वार्टर म्हणजे वर्षाला ४८. तोही आकडाच झाला की!

माझा संकल्प: कर्जत लोकलवर शब्द नसलेली २४ पानांची चित्रकथा. महिन्याला दोन पानं. पहाटे ५ च्या गाडीत डोकं टेकून झोपणारी माणसं मला फार दिवस काढायची आहेत.

---

कृष्णाकाठ
३० डिसेंबर, सकाळी ७:१०

टॅबवाला, मुद्दा मान्य. फरक एवढाच की माझे ४८ हे कमाल आहेत, किमान नाहीत. ४८ च्या वर जायचं नाही. ३० झाली तरी चालतील, पण एकोणपन्नासावं नको. तुमचा आकडा तुम्हाला उठवून बसवतो, माझा मला थोपवून धरतो. मी मुळात बसतेच, मला घाई आवरायची आहे. थांबलेल्या माणसाला तुमचाच उपाय लागू पडेल हे आता पटतंय.

झोपलेल्या माणसांची कल्पना सुंदर आहे. पहिली दोन पानं झाली की इथे दाखवाल?

---

खडूफळा
३० डिसेंबर, दुपारी ३:२५

मी निवृत्त कलाशिक्षक. एकतीस वर्षं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं बसवली. धाग्याच्या नावात 'संकल्पचित्र' पाहून थबकलो. परीक्षेत त्या नावाचा नक्षीकामाचा पेपर असायचा, आमच्या पोरांना त्या शब्दाने घाम फुटायचा. वर्तुळात नक्षी बसवा, पुनरावृत्ती हवी, तोल हवा.

पण मला आज दुसऱ्या पेपरची आठवण द्यायची आहे, स्मरणचित्राची. भाजीबाजार, बसथांबा, पाणवठा, शाळेची मधली सुट्टी. समोर काही नाही, जे पाहिलंय ते आठवून काढा. आपल्यापैकी बहुतेकांनी ते आठवी-नववीत काढलं आणि नंतर आयुष्यात कधीच नाही. हातात फोन आल्यापासून तर गरजच उरली नाही. माझ्या मते चित्रकाराचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं. फोटो सगळंच दाखवतो. स्मरण फक्त तेवढंच ठेवतं जे तुम्ही खरंच पाहिलेलं असतं. वर्गात मी एक प्रयोग करायचो. मुलांना रोज ज्या दारातून आत येता ते दार काढा म्हणायचो. कडी कुठल्या बाजूला आहे इथेच निम्मा वर्ग अडायचा. दुसऱ्या दिवशी आत येताना प्रत्येक जण कडीकडे बघून येई. शिकवणं म्हणतात ते एवढंच असावं.

म्हणून कृष्णाकाठ, तुमच्या बेतात एक भर घाला. घाटावरून घरी आल्यावर, रात्री, त्या दिवसाचं चित्र न बघता एक स्मरणचित्र करा. साध्या कागदावर, वीस मिनिटांत. वर्षअखेरीला ती चोवीस चित्रं घाटावरच्या चित्रांशेजारी मांडा.

एकाच जागी राहण्याबद्दल म्हणाल तर आपल्याकडे आबालाल रहिमान आहेत. शाहू महाराजांच्या पदरचे चित्रकार, कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या काठी राहिले आणि तोच परिसर रंगवत राहिले. निवृत्तीनंतर मी कोटितीर्थावर जाऊन बसलो होतो. तलाव तसा लहानच. एवढ्याशा जागेने माणसाला आयुष्यभर पुरावं याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, आता वाटत नाही.

आणखी एक, आणि हे सगळ्यांसाठी. वर्षाच्या यादीत आपण काय *करणार* तेवढंच लिहितो, काय *पाहणार* ते लिहीत नाही. मूळ चित्रासमोर उभं राहण्याचं एक तरी कलम हवं. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' छापील स्वरूपात मी शेकडो वेळा पाहिलं, हातात निरांजन धरलेली स्त्री. वयाच्या बावन्नाव्या वर्षी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला. ते जलरंगात आहे हे मला माहीत होतं, पण जलरंगात *तेवढा अंधार* उभा करता येतो हे माहीत नव्हतं. तुम्हाला तर म्हैसूरलाही जायला नको. सातारा जिल्ह्यातच औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं संग्रहालय आहे. राजा रविवर्मा, धुरंधर यांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं माता आणि बाळाचं शिल्पही आहे. किती वेळा गेलात?

---

कृष्णाकाठ
३० डिसेंबर, रात्री ९:०५

सर, एकदाच. तेही सहावीच्या सहलीत, आणि आठवतोय तो डबा. या वर्षी जाणार. लिहिलं वहीत.

---

चिमणचित्र
३१ डिसेंबर, दुपारी १:४०

सगळ्यांचं वाचतेय आणि थोडं रडूही येतंय, म्हणून लिहिते.

माझी लेक दोन वर्षांची. बाळंतपणाआधी मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं करायची. आता 'वर्षाचं नियोजन' हे शब्द वाचले की वाटतं, वर्ष माझं आहेच कुठे? गेल्या वर्षी मी 'रोज अर्धा तास' असं ठरवलं होतं. नवव्या दिवशी तिला ताप आला. पंचविसाव्या दिवशी मी ते पान वहीतून फाडलं. टॅबवाला, तुमच्या ३१ दिवसांचं कौतुक आहे, पण ज्या घरात उद्याचा दिवस कसा असेल हे सांगता येत नाही तिथे 'रोज' हा शब्द फार क्रूर आहे.

त्यानंतर मी एकच गोष्ट नीट तपासली: माझा वेळ जातो कुठे? लक्षात आलं की ती दुपारी झोपली की मला चाळीसेक मिनिटं मिळतात. त्यातली पंधरा सामान काढण्यात जातात, दहा आवरण्यात, कारण उघडे रंग आणि दोन वर्षांचं मूल एका खोलीत राहू शकत नाहीत. म्हणजे उरली पंधरा. मग नवऱ्याने खिडकीपाशी, तिचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, एक फळी ठोकून दिली. त्यावर रंगाचा डबा, पाण्याची बाटली, वही कायम उघडी. मी उभी राहून काम करते. पंधराची पस्तीस मिनिटं झाली.

तर माझा येत्या वर्षाचा संकल्प असा आहे, हसू नका: *फळी आवरायची नाही.* पाहुणे आले तरी, सासूबाई आल्या तरी.

आणि चित्र एकाच विषयाचं. झोपलेली लेक. कृष्णाकाठ, तुझी नदी आहे तशी माझी ही. वर्षअखेरीला ती केवढी झालेली असेल!

---

खडूफळा
३१ डिसेंबर, दुपारी २:१५

बाळ, यात हसण्यासारखं काय आहे? इथे लिहिलेल्या सगळ्या संकल्पांत तुझा सगळ्यात पक्का आहे. फळीचा फोटो टाक. माझ्या सुनेला दाखवायचा आहे.

---

टॅबवाला
३१ डिसेंबर, दुपारी ४:३०

चिमणचित्र, 'रोज' बद्दल लिहिलंत ते डोक्यात राहील. माझ्यावर घरची जबाबदारी नव्हती तेव्हा इंकटोबर केलं होतं हे लिहायचं राहून गेलं, आणि ते लिहायला हवं होतं.

---

शाडूमाती
१ जानेवारी, रात्री ११:२०

आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासून. सगळे नवीन वर्षाच्या शुभेच्छा देतात, पण आमचं वर्ष अनंत चतुर्दशीला संपतं आणि नवं सुरू होतं ते साचे पुसून पुन्हा माती भिजवायला घेतो तेव्हा. आता जानेवारीत आम्ही कामात गळ्यापर्यंत असतो. तरी हा धागा वाचून दोन दिवस डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे ध्येय म्हणजे नगच. या सीझनला किती काढायचे, किती मुंबईला जातील, किती कच्चे, म्हणजे रंगाविना, जातील. त्यात गिऱ्हाईक येतं ते फोन पुढे करून, 'असाच हवा'. कुणाला लालबागसारखा, कुणाला दगडूशेठसारखा. त्यांचं चुकत नाही, त्यांची श्रद्धा आहे. पण मी स्वतःच्या मनातला गणपती शेवटचा कधी केला ते आठवावं लागलं, म्हणून लिहितोय.

तर दोन गोष्टी ठरवल्या. एक, या वर्षी माझा स्वतःचा एक साचा. एक फुटाचा, साधा, मांडी घातलेला, दागिने कमी. शाडूतच. मॉडेल मी स्वतः करणार, कुणाचं बघून नाही. विकला गेला नाही तरी घरात तोच बसेल.

दुसरी गोष्ट अवघड आहे. डोळ्यांची आखणी. बॉडी कलर, सोनेरी, पितांबर, हे सगळं मी लहानपणापासून करतो. आखणी मात्र अजून बाबाच करतात. सगळ्यात शेवटी, सकाळच्या उजेडात, चहा घेऊन झाल्यावर, कुणाशी न बोलता. वरच्या पापणीची रेघ ते एका श्वासात ओढतात. मी ओढली की ती मध्ये थांबते, आणि थांबलेल्या जागी मूर्तीची नजर मरते. लोकांना कारण सांगता येत नाही, पण ती मूर्ती शेवटपर्यंत कारखान्यात उरते.

बाबांचं वय आता बहात्तर आहे. मी त्यांना कधी 'शिकवा' म्हटलं नाही, त्यांनीही कधी 'बस' म्हटलं नाही. काल म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण आज सकाळी माझ्या पाटावर तडकलेल्या मूर्तींचे सात-आठ चेहरे ठेवलेले होते, पांढरा हात मारून.

---

कृष्णाकाठ
२ जानेवारी, सकाळी ६:५०

शाडूमाती दादा, हे वाचून मी दोन मिनिटं तशीच बसून होते. बाबांना नमस्कार सांगा.

---

ध्रुवतारा
२ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

मी मूळची नाशिकची, गेली अकरा वर्षं स्टॉकहोममध्ये. इथे डिसेंबरात दुपारी पावणेतीनला सूर्य मावळतो. पहिली दोन-तीन वर्षं मी भारतात करायचे तसंच सरसकट बारा महिन्यांचं वेळापत्रक करायचे आणि दर हिवाळ्यात ते कोलमडायचं. कामावरून बाहेर पडावं तर काळोख. बाहेर बसून रंगवायला गेले तर ब्रशवरचं पाणी गोठायचं. (इथले काही जण पाण्यात थोडा अल्कोहोल मिसळतात. गोठत नाही, पण रंग कागदावर वेगळाच पसरतो, मला आवडला नाही.)

शेवटी मी वर्षाचे बारा भाग करणं सोडलं आणि उजेडाप्रमाणे दोनच केले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरात: गॉश (अपारदर्शक जलरंग), दिव्याखालची भांडी, माणसांचे चेहरे. मार्चपासून बाहेर. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, तेव्हा तर कामावरून येऊन चार तास मिळतात. त्या दिवसांत मी स्वयंपाकसुद्धा आठवड्याचा एकदम करून ठेवते.

म्हणून एक शंका. कृष्णाकाठ, जून ते सप्टेंबर तुझं काय? वाईचा पाऊस, ओला कागद, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली. 'महिन्यातून दोन बैठका' हे त्या चार महिन्यांत टिकेल का? आत्ताच वेगळं लिहून ठेव, नाहीतर ऑगस्टमध्ये तुला वाटेल की तूच कमी पडलीस.

---

कृष्णाकाठ
२ जानेवारी, रात्री १०:१५

ध्रुवतारा, शंका अगदी रास्त. मी याचा विचारच केला नव्हता. पावसाळ्यात कॉटन कागद हवेतली ओल धरतो, पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळायला तास लागतो, तोवर दुसरा दिला की सगळं चिखल. मागच्या वर्षी दोन कोऱ्या शीटवर बुरशीचे ठिपके आले होते, ते रंग दिल्यावरच दिसले. आणि वर धोम धरणातून पाणी सोडलं की आज दिसणारी पायरी उद्या नसते.

बेत बदलला. त्या चार महिन्यांत जलरंग नाहीच. ग्राफाइट आणि शाई, लहान वही, आणि पायरी बुडाली तर जिथवर पाणी आलं असेल त्याच्या वरच्या पायरीवर बसायचं. पाणी किती चढलं ते दर वेळी चित्राच्या कोपऱ्यात लिहायचं. उरलेली शीट्स कोरड्या महिन्यांत वापरेन.

---

अक्षरवेल
४ जानेवारी, दुपारी १२:३०

सुलेखन करते. पोट त्यावरच आहे, म्हणून माझा प्रश्न तुम्हा सगळ्यांपेक्षा थोडा वेगळा. लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या, मानपत्रं. दिवसभर अक्षरंच काढते, आणि तरी वर्षाच्या शेवटी माझं म्हणावं असं एक पान नसतं.

गेल्या वर्षी एका संस्थेसाठी बोधचिन्ह केलं. चार वेळा बदल, पाचव्यांदा 'आम्ही दुसरीकडून करून घेतलं', मानधन शून्य. सहा आठवडे गेले. तेव्हापासून मी ठरवलंय की निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय बोरू शाईत बुडवायचा नाही. हेही सर्जनशील ध्येयच आहे असं मी मानते, कारण तो वाचलेला वेळ माझ्या कामाला मिळणार आहे.

त्या वेळात काय करणार? एकच अक्षर. ळ. मराठीला एवढं जवळचं आणि सुलेखनात एवढं दुर्लक्षित अक्षर दुसरं नसेल. दोन गोल, पण दोन्ही सारखे नाहीत, बोरूचा कोन मध्ये बदलावा लागतो. जुन्या पोथ्यांत, शिलालेखांत, एसटी स्टँडांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर ळ कसा कसा येतो ते वर्षभर गोळा करायचं आणि मग स्वतःचा काढायचा. विंडोज संगणकावरचा 'मंगल' फाँट र. कृ. जोशींचा. त्यातला ळ मोठा करून बघा एकदा, छोट्या आकारातही दोन्ही गोल बुजत नाहीत. त्यामागे किती विचार असेल!

कृष्णाकाठ, वाईला प्राज्ञपाठशाळेत पोथ्या बघायला मिळतील का ते मी विचारणार आहे. परवानगी मिळाली तर घाटावर भेटू.

---

कृष्णाकाठ
१९ जानेवारी, रात्री ९:३०

काल पहिली बैठक झाली. सगळ्यांना सांगायचंच होतं.

सकाळी सातला पायरीवर होते. धुकं एवढं की देऊळ दिसतच नव्हतं. पाऊण तास नुसती बसून राहिले. एरवी मी मनानेच देऊळ काढायला घेतलं असतं. एक आजी पितळी कळशी घासत होत्या, त्यांनी वाकून कागद बघितला. म्हणाल्या, "काय काढतीयास गं? समोर तर कायबी न्हाई." मी म्हटलं, "आजी, त्याचीच वाट बघतेय." "मग बस," म्हणाल्या, "येतंय आत्ता."

आठच्या सुमारास भिंत वर यायला लागली, आधी तिचा वरचा काठ, मग खालचा फुगवटा. आणि तेव्हा मला ते दिसलं ज्यासाठी हे सगळं चाललंय. भिंतीचा काळा दगड पाण्यात *उजळ* दिसतो. प्रतिबिंब मूळ दगडापेक्षा फिकं आहे. आणि धुक्यामागचं पांढरं आकाश मात्र पाण्यात वरच्यापेक्षा जरा गडद आहे. म्हणजे पाणी दोन्ही टोकं जवळ आणतं, गडद तेवढं गडद ठेवत नाही आणि उजळ तेवढं उजळ. पुस्तकात हे मी वाचलेलं आहे, वहीत टिपूनही ठेवलेलं आहे, आणि तरी एकसष्ट चित्रांत एकदाही केलेलं नाही, कारण फोटोत पाणी काळं ठिक्कर येतं आणि मी फोटोच रंगवत होते.

दोन क्वार्टर वापरले. पहिला वाया गेला, बर्न्ट सिएना जास्त पडला आणि दगड तांबूस झाला. दुसऱ्यात डावीकडचं तळहाताएवढं पाणी बरोबर आहे. तेवढंच. बाकी चित्र सामान्य आहे. पण तो तळहाताएवढा तुकडा मी आज दिवसभरात बँकेत बसून चार वेळा आठवला.

खडूफळा सर, रात्री स्मरणचित्रही केलं. देवळाचं शिखर आठवेना, किती टप्पे आहेत तेही नाही. आजींची कळशी मात्र पोचे आणि चकाकीसकट आठवली. पुढच्या खेपेला शिखर मोजणार आहे.

आणि औंधचं नक्की करू या. फेब्रुवारीतला चौथा शनिवार मला मोकळा आहे. सर, तुम्हाला जमेल का? अक्षरवेल, तू वाईला येणारच आहेस तर तारीख जुळव. चिमणचित्र, लेकीला घेऊन ये, गाडीत झोपली तर तुझीही बैठक होईल. शाडूमाती दादांना सीझनमुळे जमणार नाही हे माहीत आहे, पण दादा, त्या सात-आठ चेहऱ्यांचं काय झालं ते लिहा.

---

शाडूमाती
१९ जानेवारी, रात्री ११:४५

सहा पुसले. सातव्याची उजवी पापणी बाबांनी बघितली आणि पुसू दिली नाही.